कार्डावर लिहिलंय तेवढंच

प्रश्न : 'डोमिनियन' या पत्त्यांच्या खेळात थ्रोन रूम या कार्डाने दुसरी थ्रोन रूम खेळली आणि तिच्यावर स्मिथी (३ कार्डं उचलायला देणारं कार्ड) लावली. दोनाचे दुप्पट चार, म्हणून स्मिथी चारदा खेळायची का?

उत्तर : नाही, दोनदाच. थ्रोन रूम सांगते, हातातलं एक अ‍ॅक्शन कार्ड दोनदा खेळा. पहिलीमुळे दुसरी थ्रोन रूम दोनदा खेळली जाते आणि ती दर वेळी हातातून एक कार्ड निवडायला लावते. स्मिथी पहिल्याच निवडीत हातातून टेबलावर आलेली असते, म्हणून दुसऱ्या निवडीला वेगळं कार्ड लागतं. हिशेब चार खेळींचाच आहे, पण दोन स्मिथीच्या आणि दोन दुसऱ्या कार्डाच्या.

क्रम इथे फार महत्त्वाचा. आधी स्मिथी दोनदा पूर्ण करा, म्हणजे ३ आणि ३ अशी ६ कार्डं उचला. मगच दुसरं अ‍ॅक्शन निवडा, आणि ते आत्ता उचललेल्या सहांमधलंही चालतं. बरेच जण सुरुवातीलाच दोन्ही कार्डं बाजूला काढून ठेवतात आणि हा फायदा घालवून बसतात. हातात दुसरं अ‍ॅक्शन आलंच नाही, तर ती खेळी वाया जाते, बाकी काही बिघडत नाही. या सगळ्याला मिळून एकच अ‍ॅक्शन (पाळीत अ‍ॅक्शन कार्ड खेळण्याची संधी) खर्च होते, कारण थ्रोन रूमने खेळवलेल्या कार्डाला वेगळी अ‍ॅक्शन लागत नाही.

प्रश्न : डोमिनियनच्याच रीमॉडेल कार्डात हातातलं एक कार्ड ट्रॅश करून (खेळातून काढून टाकून) त्याहून '२ ने जास्त किमतीपर्यंतचं कार्ड घ्या' असं आहे. नेमकं २ ने महागच घ्यायचं का? आणि ट्रॅश करायचं नसेल तर?

उत्तर : 'पर्यंत' म्हणजे वरची मर्यादा. इस्टेटची किंमत २, म्हणून ती ट्रॅश केल्यावर ४ पर्यंतचं काहीही घेता येतं. ३ ची सिल्व्हर चालते, हवी तर पुन्हा इस्टेटसुद्धा. गोल्ड (६) ट्रॅश करून प्रॉव्हिन्स (८) घेणं ही शेवटच्या टप्प्यातली मोठी चाल. यासाठी नाणी लागत नाहीत.

दुसरा प्रश्न जास्त अडचणीचा आहे. रीमॉडेलवर ट्रॅश 'करा' असं लिहिलंय, 'करू शकता' नव्हे. म्हणून हातात फक्त गोल्ड उरलं असेल तर तेच ट्रॅश करावं लागतं (त्याच्या बदल्यात नवं गोल्ड घेता येतं, तेवढा दिलासा). हात रिकामा असेल तर ट्रॅश होत नाही आणि मग घ्यायलाही काही मिळत नाही, कारण मर्यादा ट्रॅश केलेल्या कार्डाच्या किमतीवरून ठरते. खेळलेलं रीमॉडेल स्वतःलाच ट्रॅश करू शकत नाही, ते हातात उरलेलंच नसतं. घेतलेलं कार्ड टाकलेल्या कार्डांच्या ढिगात जातं. माइन या कार्डाने घेतलेलं मात्र थेट हातात येतं, तिथे तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.

प्रश्न : मिलिशिया या हल्ल्याच्या कार्डाला मोट (हल्ल्यापासून वाचवणारं कार्ड) दाखवली, तर ती टाकायची का? आणि मिलिशियात ३ कार्डं टाकायची ना?

उत्तर : मोट फक्त दाखवायची आणि हातातच ठेवायची. पुढच्या हल्ल्याला तीच पुन्हा दाखवता येते. हल्ला करणाऱ्याची २ नाणी मात्र त्याला मिळतातच, मोट तुम्हाला वाचवते, त्याची कमाई अडवत नाही.

मिलिशियात ३ कार्डं टाकायची नसून हातात ३ उरेपर्यंत टाकायची असतात. हातात ५ असतील तर २ जातात. लगेच दुसरी मिलिशिया आली तर काहीच जात नाही.

प्रश्न : 'कॅटान' या बोर्डवरच्या खेळात 'रस्ते बांधणी' (दोन रस्ते फुकट ठेवू देणारं कार्ड) खेळलं, पण माझ्याकडे रस्त्याची एकच सोंगटी शिल्लक आहे.

उत्तर : एक रस्ता ठेवा, दुसरा गेला. जागेवरचा जुना रस्ता उचलून नव्या ठिकाणी लावता येत नाही, आणि बदल्यात लाकूड-विटाही मिळत नाहीत. म्हणून १५ पैकी १३ रस्ते लावून झाले, की हे कार्ड फार राखून ठेवू नका. पण विकत घेतलं त्याच पाळीत ते खेळता येत नाही, हे लक्षात ठेवून एक पाळी आधी घ्या.

प्रश्न : वाद मिटतच नसेल तर?

उत्तर : आधी कार्ड मोठ्याने वाचा, शब्द न गाळता. कार्ड आणि सर्वसाधारण नियम यांत विरोध असेल, तर बहुतेक खेळांत कार्डाचं चालतं. तरीही उलगडा झाला नाही, तर आवृत्ती बघा. 'डोमिनियन'च्या दुसऱ्या आवृत्तीत थ्रोन रूमवर 'करू शकता' आलं, पहिल्या आवृत्तीत ती सक्तीची होती. जुनी-नवी कार्डं एकत्र खेळत असाल, तर कोणता मजकूर धरायचा ते पत्ते पिसण्याआधीच ठरवा.