ओट्यावरून घसरल्याचं तुम्ही शेवटच्या ओळीत का लिहिलंत?

तुमची पोस्ट दोनदा वाचली. वडील ६८ वर्षांचे, तरुणपणी पंधरा वर्षं आखाडा आणि कबड्डी, दोन वर्षांपासून विसरणं आणि चिडणं. तुम्ही सीटीईबद्दल (डोक्याला वारंवार मार बसून मेंदू झिजण्याचा आजार) वाचलंत, जिवंतपणी पक्कं निदान नाही, इलाजही नाही हे कळलं आणि विचारलंत, ‘मग दवाखान्यात नेऊन त्यांना कशाला हैराण करायचं?’ आणि जाता जाता लिहिलंत, ‘महिन्यापूर्वी ओट्यावरून घसरले, पण काही लागलं नाही. हल्ली झोपतात मात्र फार.’

मी डॉक्टर नाही, शाळेत भूगोल शिकवते. पण ही शेवटची ओळ आमच्या घरात घडून गेली आहे, म्हणून जरा लांबलचक लिहिते. विसरण्यासाठी करतात त्या बी-१२, थायरॉइड वगैरे तपासण्या तुम्ही केल्याच असतील, त्यात शिरत नाही.

आमचे बाबा फौजेत होते, नऊ वर्षं बॉक्सिंग केलं. निवृत्तीनंतर इंदूरला, रामबागेत घर. साठीच्या आसपास ते झोपेत ठोसे मारायला लागले. आई म्हणायची, ‘ह्यांची फाइट अजून सुटली नाही.’ एकदा तिचा गाल काळानिळा झाला तरी आम्ही सगळे पोहे खाता खाता हसलो. स्वप्नात चाललेलं हातापायांनी करणं हे पार्किन्सन किंवा लेवी बॉडी डिमेन्शिया (त्याच्याच जवळचा, विसरायला लावणारा आजार) यांच्या कित्येक वर्षं आधी सुरू होऊ शकतं, हे पुढे न्यूरोलॉजिस्टनी सांगितलं. तुमचे वडील असं काही करत असतील तर फोनवर व्हिडिओ काढून ठेवा. डॉक्टरांना तोंडी सांगून अर्धंच कळतं.

मग डावा हात थरथरू लागला आणि मी नेटवर बसले. १९२८ मध्ये मार्टलंड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने बॉक्सरांच्या या अवस्थेवर लिहिलं होतं. मुहम्मद अलींचं पार्किन्सनचं निदान १९८४ चं. बोस्टनमध्ये तपासलेल्या अमेरिकन फुटबॉलच्या १११ व्यावसायिक खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मध्ये सीटीई सापडला, हे २०१७ मध्ये छापून आलं. तो आकडा मी घरभर ऐकवला. ते मेंदू बहुतेक करून ज्यांना आधीच त्रास होता अशांच्याच घरच्यांनी दान केलेले होते, ही त्याच लेखातली गोष्ट मात्र मी वाचून सोडून दिली. त्यापेक्षा ग्लासगोचा २०१९ चा अभ्यास मला भक्कम वाटतो. स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये मेंदू झिजण्याच्या आजारांनी होणारे मृत्यू सामान्य लोकांच्या साडेतीन पट निघाले. तेही फुटबॉलचे, हेडिंग म्हणजे डोक्याने चेंडू मारणाऱ्यांचे आकडे. आपल्या मातीतल्या कुस्तीला ते जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत. (आणि हो, बॉक्सिंगचं हेडगार्ड कातडी फाटण्यापासून वाचवतं, कवटीच्या आत मेंदू हलायचा तो हलतोच. पोराला क्लास लावताना कोणी ‘हेडगार्ड आहे ना’ म्हणालं तर हे सांगा.)

तर आमची चूक. ‘हे बॉक्सिंगचंच’ असं एकदा ठरलं आणि मग जे होईल ते सगळं त्याच खात्यावर. दिवाळीच्या आधी बाबा न्हाणीघरात घसरले. कपाळावर आवळ्याएवढं टेंगूळ, हळद लावली, दुसऱ्या दिवशी सराफ्याच्या खाऊबाजारात जाऊन गराडूही (तळलेला कंद) खाऊन आले. तीन आठवड्यांनी उजवा पाय ओढायला लागले. ताटावर बसल्या बसल्या डोळा लागायचा. ‘मीठ’ म्हणायचं असायचं आणि ‘ते... ते पांढरं’ म्हणायचे. मी भावाला फोनवर सांगितलं, ‘आजार पुढच्या टप्प्यात गेला रे.’ पुढचा टप्पा! जणू मी त्याचं वेळापत्रक पाहिलं होतं.

एका ठिकाणी दाखवलं. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. त्यांनी दोन वर्षांपूर्वीचा एमआरआय उजेडाला धरला, बाबांकडे पाहिलंही नाही आणि म्हणाले, ‘बॉक्सर होते ना? मग हे होणारच.’ पडल्याचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. का, तर मला ते महत्त्वाचं वाटलंच नव्हतं. असे १९ दिवस गेले.

भाचीने हट्ट धरला म्हणून सीटी स्कॅन झाला. डोक्याचा साधा सीटी, मशीनवर काही मिनिटंच लागतात. डाव्या बाजूला कवटी आणि मेंदूच्या मध्ये जुनं रक्त साचलेलं. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, वरच्या बारीक शिरा ताणल्या जातात, किरकोळ मारानेही त्यातून हळूहळू पाझरतं आणि लक्षणं काही आठवड्यांनी दिसतात. बाबा हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेत होते, त्याने धोका वाढतो. कवटीला दोन भोकं पाडून रक्त काढलं. तिसऱ्या दिवशी कॉटवर उठून बसले आणि म्हणाले, ‘मीठ कमी आहे.’

सगळं बरं झालं असं नाही. थरथर आहे, झोपेतले ठोसे आहेत, चिडणं आहे. त्याला न्यूरोलॉजिस्ट लेवी बॉडीकडे झुकणारं म्हणतात. बॉक्सिंगचा वाटा किती, या प्रश्नावर त्यांनी सरळ खांदे उडवले, आणि तो माणूस मला आवडला. पण पाय ओढणं आणि शब्द हरवणं, जे मी ‘टप्पा’ म्हणून सोडून दिलं होतं, ते गेलं.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या. सीटीई आहे की नाही हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. पडल्याची तारीख शोधा, तेव्हापासून काय बदललं ते लिहा, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का बघा आणि ही ओळ डॉक्टरांना सगळ्यांत आधी सांगा. खेळाची वर्षं, किती वेळा शुद्ध हरपली, ते त्याखाली. आजच न्या. उलटी, डोकेदुखी, एका बाजूची कमजोरी किंवा जागंच होत नाहीत असं दिसलं तर ओपीडीच्या नंबराची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सी गाठा.

चिडतात म्हणून कोणाच्या सांगण्यावरून शांत करायच्या गोळ्या देऊ नका. लेवी बॉडी असेल तर हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी माणूस लाकडासारखा ताठ होऊ शकतो. न्यूरोलॉजिस्टलाच विचारा.

विषय निघालाच आहे तर, वडिलांना पेन्शन असेल तर सहीकडेही लक्ष ठेवा. पार्किन्सनमध्ये अक्षर बारीक होत जातं. आमच्या बँकेने ‘सही जुळत नाही’ म्हणून बाबांना तीन चकरा मारायला लावल्या. चौथ्या वेळी मी जुनं पासबुक आणि नवी सही शेजारी शेजारी ठेवली. तीच वळणं, मुंगीएवढी. त्यानंतर अंगठा घेतला.

सीटी झाला की इथेच लिहा. आणि ओटा किती उंच होता तेही लिहा, आमच्या न्हाणीघराला तर उंबराही नव्हता.