ओट्याखालचा पाहुणा

प्रश्न : सदाशिव पेठेत तळमजल्यावर राहतो. रात्री ओट्याखालून ची-ची ऐकू येतं, सकाळी स्वयंपाकघरात उग्र दर्प. अमेरिकेतला भाचा म्हणतो, स्कंक (तिकडचा दुर्गंधी फवारणारा प्राणी) असेल. उंदराचं औषध ठेवू का?

उत्तर : भाच्याला सांगा, स्कंक तिकडेच; पेठेत नाहीत. तुमच्याकडे आहे ती चिचुंद्री. लांब टोकदार नाक, बारीकसे डोळे, भिंतीला चिकटून पळते ना? मग तीच. उंदरांशी तिचं नातं नाही. ती कीटक खाते, तुमची झुरळंसुद्धा. (म्हणजे झुरळं आहेत, हे ओघानं आलंच.) दर्प तिच्या अंगाच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथींचा. मांजर तिला मारतं, पण सहसा खात नाही.

औषध अजिबात नको. ती फ्रीजमागे मेली, तर आजचा वास अत्तर वाटेल. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी आणि मागच्या दाराखालच्या फटीला रबरी पट्टी बसवा. खरकटं रात्रीच बाहेर काढा. आत दिसलीच तर आरडाओरडा करू नका, घाबरली की जास्त घमघमते. दार उघडा आणि लांब झाडू आडवा धरून भिंतीकडेनं हळूहळू बाहेर वळवा. फरशी नंतर व्हिनेगरच्या पाण्यानं पुसा.