ऑनलाइन साडीच्या दुकानात ब्लाउज शिलाई, फॉल-बिडिंग असे ॲड-ऑन साइज-गळ्याच्या ऑप्शनसकट कसे द्यावेत? कुठलं प्लगिन घ्यावं?

प्लगिनचं, म्हणजे साइटला जोडायच्या तयार सॉफ्टवेअरचं, शेवटी सांगतो, कारण माझं नुकसान प्लगिननं केलं नव्हतं, दाजींनी केलं होतं.

आमचं सांगलीत कापड पेठेत साड्यांचं दुकान आहे, वडिलांचं. लॉकडाऊनमध्ये शटर बंद असताना मी वेबसाइट काढायचं ठरवलं, आणि आमचे दाजी हिंजवडीला आयटीत, ते म्हणाले मी फुकट करून देतो. ज्यांच्या घरात आयटीतले दाजी आहेत त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. फुकटच्या डेव्हलपरला डेडलाइन विचारता येत नाही, चूक दाखवता येत नाही, आणि तो दिवाळीला जेवायला आला की पहिलं ताट त्याला.

तर वूकॉमर्सवर, म्हणजे ऑनलाइन दुकान काढायच्या सॉफ्टवेअरवर, साइट झाली. तुम्ही विचारलंय तोच प्रश्न तेव्हा मला पडला होता, की साडीवर ब्लाउज शिवून हवा असेल तर साइज, गळा, बाही, अस्तर, फॉल हे सगळं कुठं विचारायचं. दाजी म्हणाले सोपं आहे, व्हेरिएशन करू, म्हणजे ऑप्शनच्या प्रत्येक जुळणीची वेगळी ओळ, वेगळा भाव. प्रत्येक साडीची दोन पानं, एक नुसती साडी आणि एक ब्लाउजसह. ब्लाउजसहच्या पानावर साइज 32 ते 44 म्हणजे सात, गळे पाच, बाह्या तीन, अस्तर हो-नाही, फॉल-बिडिंग हो-नाही. गुणाकार करा. 420 येतो. आकडा बघूनच मला कळायला हवं होतं.

वूकॉमर्स एका वेळी 50च व्हेरिएशन बनवून देतं, म्हणून दाजींनी स्क्रिप्ट लिहिली आणि रात्रीत 60 साड्यांवर चढवली. पंचवीस हजार ओळी. शिवणाऱ्या काकूंनी शिलाई 50 रुपयांनी वाढवली तेव्हा प्रत्येक साडी उघडून भाव बदलावे लागले, आणि दाजी तेव्हा ऑनसाइट जर्मनीला होते. शिवाय 30च्या वर व्हेरिएशन गेली की पान सगळी माहिती एकदम आणत नाही, प्रत्येक निवडीला सर्व्हरला विचारत बसतं. ऑफिसातल्या वायफायवर ते कळत नाही. एसटीत बसून साडी बघणाऱ्या बाईला कळतं.

पण हे सगळं सहन केलं असतं. खरी गोष्ट डिफॉल्टची आहे.

वूकॉमर्समध्ये गिऱ्हाईक सगळे ऑप्शन निवडत नाही तोवर 'कार्टमध्ये टाका'चं बटण फिकट दिसतं. दाजींचं म्हणणं, फिकट बटण दिसलं की गिऱ्हाईक पळतं, कन्व्हर्जन पडतं, म्हणजे बघणाऱ्यांतले घेणारे कमी होतात. म्हणून त्यांनी प्रत्येक साडीला आधीच निवडून ठेवलं: साइज 32, गोल गळा, बाही कोपरापर्यंत, अस्तरासह, फॉल-बिडिंग नाही. बटण कायम ठळक. मी म्हणालो, दाजी, आपल्याकडं बत्तीसच्या मापाचं गिऱ्हाईक किती येतं? ते म्हणाले, ज्याला बदलायचंय तो बदलेल की.

अमरावतीहून ऑर्डर आली. मुलीच्या साखरपुड्यासाठी आईनं स्वतःला घेतलेली, जांभळी, मोराचा पदर, 8,400 रुपयांची. त्यांनी गळा बदलून बोट नेक केला होता, बाही बदलली होती, फॉल-बिडिंग हो केलं होतं, साइज 32. मला शंका यायला हवी होती, पण गळा बदललाय म्हणजे बाईंनी सगळं बघूनच भरलंय असं वाटलं. काकूंना चिठ्ठी गेली, काकूंनी साडीला जोडून आलेला ब्लाउजपीस कापला, शिवला, हुक-लटकन लावून दिला. पार्सल गेलं. साखरपुड्याच्या चार दिवस आधी फोन आला. त्यांचं माप 40.

काकू दाब, म्हणजे शिवणीत आत जास्तीचं कापड, ठेवून शिवतात, पण दाबातून वाढणार किती, एक-दीड इंच. बत्तीसचा चाळीस जगात कोणी करत नाही.

मी बाईंना विचारलं की तुम्ही साइज का नाही बदलला, तर त्या म्हणाल्या, "मला वाटलं तो साडीचा नंबर आहे." मोबाइलवर सगळ्यात वर फोटोखाली नुसतं 32 लिहिलेलं. मी स्वतः उघडून बघितलं. मलाही साडीचा नंबरच वाटला असता.

फोन वडिलांनी घेतला. एक शब्द वाद नाही, "ताई, दोन दिवसांत नवीन ब्लाउज तुमच्या हातात" असं म्हणाले आणि गोदामातून त्याच लॉटची दुसरी साडी काढली, तिचा ब्लाउजपीस कापून काकूंकडं स्वतः घेऊन गेले, रात्री शिवून घेतला. मग मला म्हणाले, "दुकानात आलेल्या बाईला न विचारता बत्तीसचा ब्लाउज बांधून दिला असतास का?" बस. तेवढंच.

दाजींना फोन केला तर ते म्हणाले, युजर एरर.

आता तुमच्या प्रश्नाकडं येतो. माझं मत असं, आणि दाजी सोडून कोणाशीही यावर वाद घालायला मी तयार आहे. ज्या गोष्टीचा फोटो वेगळा, स्टॉक वेगळा, ती व्हेरिएशन. साडीचा रंग व्हेरिएशन, कारण जांभळ्या तीन आहेत आणि हिरवी एकच. शिलाईचा स्टॉक नसतो. गळ्याचा स्टॉक नसतो. ते ॲड-ऑन, म्हणजे साडीच्या ओळीला चिकटून जाणारी माहिती आणि वरचे पैसे. शिलाई हे वेगळं प्रॉडक्ट करून विकायचा शहाणपणा करू नका, तेही करून झालंय. बाईंनी तीन साड्या घेतल्या आणि शिलाई दोन, तर कुठल्या दोन? विचारायला फोन करावा लागतो आणि मग वेबसाइटचा उपयोग काय.

पहिला प्रश्न एकच ठेवा: ब्लाउज शिवून हवा का? नको म्हटलं की खालचं काहीही दिसता कामा नये. हो म्हटलं तरच साइज, गळा, बाही, अस्तर उघडायचं. आणि तपासून घ्या, काही प्लगिनमध्ये लपलेला रकाना 'भरणं आवश्यक' असेल तर नुसती साडी घेणाऱ्यालाही पुढं जाऊ देत नाही. साइजच्या जागी आधी 'निवडा' असं रिकामं हवं, बटण फिकट राहिलं तर राहू दे. आणि नुसतं 40 लिहू नका, 'छातीचं माप 40 इंच' असं लिहा. शेवटचा ऑप्शन 'मापाचा ब्लाउज कुरिअरनं पाठवते' असा ठेवा. आमच्याकडं शिलाई मागणाऱ्या निम्म्या बायका आता हाच निवडतात, आणि त्यांच्या ब्लाउजची एकही तक्रार आलेली नाही, कारण कागदावरच्या मापापेक्षा मुंढा (बाही जोडतात ती जागा) कसा हवा ते जुना ब्लाउज जास्त खरं सांगतो.

सगळंच विचारत बसू नका. फॉलचा रंग, अस्तराचा रंग आम्ही विचारत नाही, ते दुकानदाराचं काम आहे. फॉल लावायच्या आधी पाण्यातून काढायचा का हे कोणी गिऱ्हाइकाला विचारतं का? काढायचाच, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून साडीची कड गोळा होते.

फॉल-बिडिंगला आधीच टिक मारून ठेवायचा मोह होईल. मारू नका. 2020च्या ई-कॉमर्स नियमांत आधीच टिक केलेल्या चौकटीतून गिऱ्हाइकाची संमती घ्यायला सरळ मनाई आहे, आणि 2023च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या मांडणीच्या, मार्गदर्शक सूचनांत न विचारता कार्टमध्ये वस्तू घुसवणं हा एक प्रकार म्हणून दिलाय. हे मी दाजींना पाठवलं होतं. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. ॲड-ऑनची माहिती ऑर्डरमध्ये दिसते पण छापील चिठ्ठीवर येतेच असं नाही. आमच्या काकू ॲडमिन पॅनल बघत नाहीत, त्या चिठ्ठी बघतात, मशीनच्या दिव्याखाली, चष्मा नाकावर आणून. तिथं इंग्रजीत 'ऑप्शन 3: येस' असं आलं तर त्या मला फोन करतात. आता चिठ्ठीवर मराठीत ठळक येतं: छाती 40, बोट नेक, बाही कोपरापर्यंत, अस्तर आहे.

प्लगिन: वूकॉमर्सचं स्वतःचं 'प्रॉडक्ट ॲड-ऑन्स' पैसे देऊन मिळतं, मी तेच वापरतो, फुकटचीही बरीच आहेत. त्यात भाव लावताना एक बघा, एकदाच लागणारी रक्कम निवडली तर बाईंनी दोन साड्या घेतल्या तरी शिलाई एकाच ब्लाउजची लागते. नगाप्रमाणे लागणारी निवडा. शॉपिफायवर, म्हणजे वूकॉमर्ससारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर, असाल तर तिथं एका प्रॉडक्टला ऑप्शन तीनच, म्हणून साइज-गळा-बाहीतच संपतं. व्हेरियंटची (तिथं व्हेरिएशनला हेच म्हणतात) मर्यादा पूर्वी 100 होती ती आता 2048 केलीय, पण म्हणून 2048 करायला जाऊ नका. ॲड-ऑनला पैसे लावायचे तर तिथं बहुतेक ॲप घ्यावंच लागतं.

हां, आणि तुम्ही तयार ब्लाउज विकत असाल, म्हणजे रॅकवर 36चे पाच नग लटकतायत, तर साइज व्हेरिएशनमध्येच घ्या, तिथं दाजी बरोबर. शिवलेल्या ब्लाउजवर रिटर्न नाही हे कार्टच्या आधी लिहा, नंतर नाही, आणि शिलाईच्या ऑर्डरला कॅश ऑन डिलिव्हरी बंद ठेवा, कापलेला पीस परत आला तर त्याचं काय करणार. शिलाईनं पार्सल आठ दिवस लांबतं तेही तिथंच लिहा. जीएसटीचं तुमच्या सीएला विचारा, साडी कापडात धरतात आणि शिवलेला ब्लाउज कपड्यांत.

ती दुसरी साडी, जिचा ब्लाउजपीस वडिलांनी कापला, ती वर्षभर कपाटात पडून होती. बिनब्लाउजपीसची साडी कोण घेणार. भाऊबीजेला ताईला तीच घातली ओवाळणीत. तिनं घडी उलगडली, पदर बघितला, मग टोकापर्यंत चाचपत गेली आणि म्हणाली, अरे ह्याचा ब्लाउजपीस कुठाय? मी म्हणालो, दाजींना विचार.