इंजिन नवं बांधलं, गाडी मात्र गप्प

प्रीमियर पद्मिनी किंवा अँबेसेडर, फुल इंजिन काम झालेलं, वर रंगही लागलेला, आणि चावी फिरवली तर गाडी सुरू होत नाही. वाचकाचं पत्र बदलतं, मजकूर तोच. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांमधली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली, तेव्हापासून लोकांना दारातल्या जुन्या गाडीबद्दल फार माया आली आहे. माया असू द्या. पण या इंजिनांवर हात बसलेले मिस्त्री कमी होत चाललेत आणि सल्ले देणारे वाढलेत, म्हणून ही उत्तरं.

प्रश्न : पद्मिनीचं इंजिन नुकतंच बांधलं. सेल्फ जोरात फिरतो, प्लगला करंट आहे, पेट्रोल येतं. पण इंजिन पकडत नाही, मधूनच कार्बोरेटरमधून फाटकन आवाज येतो. मिस्त्री म्हणतात, कार्बोरेटर बदला. (सांगली)

उत्तर : कार्बोरेटरला हात लावू नका. ठिणगीचं टायमिंग उलटं बसलं असावं. पिस्टनने फिरणाऱ्या क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचा एक होतो. त्यामुळे पुलीवरची खूण जुळली तर एक नंबरचा पिस्टन वर आलाय एवढंच कळतं. तो कॉम्प्रेशनला आलाय की एक्झॉस्टला, हे कळत नाही. कॉइलची वायर काढून ठेवा. एक नंबरचा प्लग काढा, भोकावर अंगठा दाबा आणि दुसऱ्याला इंजिन हाताने फिरवायचं हँडल सावकाश फिरवायला सांगा. हवा अंगठ्याला ढकलायला लागली की तिथून खूण जुळेपर्यंत आणा आणि डेल्कोची, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, कॅप उचला. आतल्या फिरत्या रोटरचं तोंड एक नंबरच्या वायरीकडे हवं. ते चारकडे असेल तर डेल्को अर्धा फेरा चुकलाय. या इंजिनाचा क्रम १-३-४-२ आहे, तेव्हा कॅपवर एक आणि चारच्या, तसंच दोन आणि तीनच्या वायरींची अदलाबदल केली की काम भागतं. रोटर धड एककडेही नाही आणि चारकडेही नाही, असं दिसलं तर डेल्को फिरवणारा गिअर दात्यात चुकला आहे. त्याचे दाते तिरके असतात, खाली सोडताना तो फिरत फिरत बसतो आणि नवख्याला हमखास फसवतो. ते काम मात्र माहीतगाराकडूनच करून घ्या.

प्रश्न : अँबेसेडर रंगवून आणली. चावी फिरवली की नुसतं ‘कट्’ आणि दिवे मंद. बॅटरी तर नवी आहे. (नाशिक)

उत्तर : इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी रंगावर बसवली असेल. खरवडून उघड्या लोखंडावर आवळा. नाहीच जमलं तर इलेक्ट्रिशियन बोलवा.

प्रश्न : बोअर, पिस्टन-रिंग, क्रँक ग्राइंडिंग, सगळं झालं. इंजिन इतकं घट्ट आहे की सेल्फ जेमतेम फिरवतो. मिस्त्री म्हणतात, नवं इंजिन घट्टच असतं, टोचन लावून पाच-सहा किलोमीटर ओढलं की सुटेल. ओढू का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. दोरी घरी ठेवा आणि हे दोनदा वाचा.

माझ्या टेबलावर बेअरिंगचा अर्धा तुकडा आहे, बिलांवर ठेवायला. करड्या धातूचा थर खरवडून गेलाय, खालचं तांबं दिसतं, आणि नखाने चाचपलं तर गोल चरे लागतात. तिशीत असताना मीच एक नवी बांधलेली पद्मिनी टोचन लावून उतारावर सोडली होती, त्याची ही आठवण. सगळं इंजिन पुन्हा उघडलं, माझ्या खर्चाने.

क्रँक बेअरिंगवर टेकून फिरत नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. बांधून दोन-तीन महिने पडून असलेल्या इंजिनात जोडताना लावलेलं ऑइल खाली ओघळून गेलेलं असतं. पंप कोरडा असेल तर तो लगेच ऑइल ओढतही नाही. अशा वेळी टोचन म्हणजे धातूवर धातू घासणं. न पेटता इंजिन फिरत राहिलं तर कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं, ते वेगळंच. ऑइल मोजायच्या डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल आजच बदला.

आता करायचं असं. चारही प्लग काढा, कॉइलची वायर काढा, गाडी न्यूट्रलला ठेवा. कॉम्प्रेशन नसताना हँडल एका माणसाच्या हाताने सलग फिरलं पाहिजे. एकाच जागी अडत असेल किंवा दोघांनी लटकावं लागत असेल तर तो नवेपणा नव्हे, माप चुकलंय: बेअरिंगच्या कॅपांची अदलाबदल, चुकीचा साइज, नाहीतर रिंगला गॅपच ठेवलेला नाही. मग चेंबर उघडण्यावाचून मार्ग नाही. लेथवाल्याकडून क्रँक आणि बोअरची मापं कागदावर लिहून घ्या. ‘बरोबर आहे हो साहेब’ हे माप नव्हे. ती घेऊन दुसऱ्या जाणत्या मिस्त्रीला दाखवा.

हँडल मोकळं फिरलं तर प्लग न लावताच सेल्फ दहा-दहा सेकंद मारा, मध्ये मिनिटभर थांबा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. विझलाच नाही तर पुढे जाऊ नका, पंप तपासून घ्या. दिवा विझला की मगच प्लग लावा. घाई गाडीला नसते, मुहूर्त काढलेल्या मालकाला असते.

प्रश्न : इंजिन बांधायच्या आधीपासून टाकीत पेट्रोल आहे, आठेक महिने झाले. चालेल? शेजारी म्हणतात, कार्बोरेटरच्या तोंडात थोडं पेट्रोल ओतून सेल्फ मारा. (रत्नागिरी)

उत्तर : शेजाऱ्यांना गाडीपासून लांब ठेवा. एक उलटा भडका उडाला की भुवया जातात, बॉनेटचा नवा रंगही जातो. टाकी रिकामी करून घ्या. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी शोषतं, आणि कोकणच्या पावसाळ्यात हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी वाढलं की इथेनॉलसकट खाली बसतं आणि पाइप नेमका तिथूनच ओढतो. जुन्या रबरी नळ्या आणि इंजिनावरच्या पेट्रोलपंपाचा पडदाही या पेट्रोलने फुगतो. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि पडद्याचा संच मिळतो. आपल्या मॉडेलला बसेल तो विचारून घ्या.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, डेल्कोतले पॉइंट-कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक किट लावलं की गाडी लगेच सुरू होईल. (ठाणे)

उत्तर : किट वाईट नाही, ‘लगेच’ हा शब्द वाईट आहे. चुकलेलं टायमिंग किट लावूनही चुकलेलंच राहतं. आधी पॉइंट घासून गॅप लावा आणि चालू गाडीतला जुना कंडेन्सर लावून बघा. नव्या डबीतले कंडेन्सर मेलेले निघालेले मी खूप पाहिलेत.

प्रश्न : मिस्त्रीने व्हॉल्व्हचे टॅपेट ‘आवाज नको’ म्हणून घट्ट ठेवलेत. हरकत? (पुणे)

उत्तर : आहे. व्हॉल्व्ह पूर्ण बसणार नाही, कॉम्प्रेशन मिळणार नाही. मॅन्युअलमधला गॅप फिलर गेजच्या पट्टीने लावून घ्या.

प्रश्न : मुलीच्या लग्नाची वरात याच गाडीतून काढायची आहे. वीस दिवस उरलेत. होईल ना सुरू? (सातारा)

उत्तर : प्लग काढून हँडल फिरवा आणि हाताला काय जाणवलं ते कळवा. तोवर दुसरी गाडी ठरवून ठेवा.