आमवातात काही दिवस बरे, काही वाईट. मग पिपसाठी पुरावा कसला द्यायचा?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमध्ये राहता, आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) मिळून तीन वर्षं झाली, आमवात आहे आणि पिपचा, म्हणजे पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट या दीर्घ आजारी आणि अपंग लोकांसाठीच्या सरकारी भत्त्याचा फॉर्म घरी येऊन पडलाय. तो भरायला हात धजत नाही, कारण ‘आठवड्यातले दोन-तीन दिवस मी ठीक असते, मग मदत लागते असं लिहिणं खोटं वाटतं’.

मलाही आमवातच आहे. माझा पहिला अर्ज नाकारला गेला, पुढे ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, मंजूर झाला. आजार दोन्ही वेळा तोच होता, कागद मात्र पूर्ण वेगळे होते. म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या वेळी मी पुण्याच्या डॉक्टरांची जाडजूड फाईल, एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट आणि इथल्या कन्सल्टंटचं पत्र जोडलं. त्यातून मला आमवात आहे एवढंच सिद्ध झालं, आणि ते कुणी नाकारतच नव्हतं. पिपमध्ये गुण आजाराच्या नावाला मिळत नाहीत. जेवण बनवणं, अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं अशी रोजच्या जगण्यातली दहा कामं आणि फिरण्याची दोन, यांत काय जमतं नि काय जमत नाही त्याला मिळतात. आठ गुणांना साधा दर, बाराला वरचा.

तुमच्या मनातल्या शंकेचं उत्तर पिपच्या 2013 च्या नियमावलीतल्या सातव्या नियमात आहे. एखादी अडचण निम्म्याहून जास्त दिवस असेल तर ती धरायची. त्यासाठी मागचे तीन महिने आणि पुढचे नऊ महिने असं वर्ष बघतात. तुमच्या आठवड्यात दोन-तीन दिवस बरे, म्हणजे चार-पाच दिवस बरे नाहीत. हे तुम्हीच लिहिलंय. बरे दिवस लपवायची गरजच नाही. उलट ते मोजून लिहिले की उरलेल्या दिवसांवर विश्वास बसतो. ‘फॉर्ममध्ये सगळ्यात वाईट दिवसाचं वर्णन करा’ असा सल्ला तुम्हालाही कुणीतरी देईल. तो मानू नका. तो वाईट दिवस महिन्यातून दोनदाच येत असेल तर नियमाप्रमाणे त्याला वजन नाही, आणि बाकीचं खरं असूनही संशयात जातं.

दिवस वेगवेगळ्या तऱ्हेचे असले तर? समजा तीस दिवसांतले बारा दिवस कमरेखालचे कपडे घालायला कुणाचा तरी हात लागतो, आठ दिवस एखाद्या साधनावर भागतं आणि दहा दिवस काहीच लागत नाही. एकटं कुठलंच निम्म्याच्या वर नाही, पण बारा अधिक आठ म्हणजे वीस दिवस होतात. मग त्यातलं जे जास्त दिवस आहे ते, म्हणजे माणसाची मदत, धरतात.

दिवस मोजायचीही रीत आहे. सकाळी बोटं आखडलेली असतात, दुपारी मोकळी होतात, तरी तो दिवस अडचणीचाच मोजला जातो, फक्त अडचण क्षुल्लक नसावी. आणि ‘जमतं’ याचा अर्थ सुरक्षितपणे, बऱ्यापैकी नीट, गरज असेल तितक्या वेळा आणि वाजवी वेळात जमतं. निरोगी माणसाला जास्तीत जास्त जेवढा वेळ लागेल त्याच्या दुपटीहून जास्त लागला तर तो वाजवी नाही. शनिवारी सगळं घर आवरलं आणि रविवार-सोमवार अंथरुणात काढले, तर शनिवार हा निव्वळ बरा दिवस राहत नाही. ते तीन दिवस एकत्र लिहा.

माझ्या केसमध्ये सगळ्यात उपयोगी ठरली ती डायरी. ‘आज खूप दुखलं’ अशी नव्हे. तशी मी आधी महिनाभर लिहिली होती, तिचा काही उपयोग झाला नाही. नंतरची अशी होती: ‘मंगळवार. साडेसहाला उठले. नऊपर्यंत मूठ वळत नव्हती. शॉवर स्टुलावर बसून, केस यांनी धुतले, पाऊण तास. कांदा चिरताना सुरी सुटली, सोडून दिलं. दुपारी कालचा भात मायक्रोवेव्हमध्ये. संध्याकाळी ठीक.’ रोज चार ओळी पुरतात. बऱ्या दिवशीही लिहा, ‘आज सगळं स्वतः केलं’ एवढं का होईना. शेवटी एका पानावर नुसता हिशेब मांडा, कुठल्या कामाला किती दिवसांपैकी किती दिवस मदत लागली.

जेवणाबद्दल आपल्या बायका हमखास चुकतात. मी लिहिलं होतं, पोळ्या लाटता येत नाहीत, कुकर उचलत नाही, पाहुणे आले की हाल होतात. तिथे विचारतात ते ताज्या जिन्नसांचं, एका माणसापुरतं, एका पदार्थाचं साधं जेवण, आणि तेही कमरेच्या उंचीवरच्या शेगडीवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये. त्यामुळे सोलणं, चिरणं, डबा उघडणं, गरम भांडं उतरवणं यावर लिहा. खास सुरी, डबे उघडायचं साधन, उंच स्टूल, जे काही वापरत असाल ते सगळं लिहा. साधनाची गरज लागली तरी गुण असतात, आणि दोन-दोन करत आठ होतात.

डॉक्टरांच्या कागदांबद्दल एक मनापासून सांगते. आपल्याला ‘कसं काय?’ विचारलं की ‘बरंय’ म्हणायची सवय असते. मी चार वर्षं क्लिनिकमध्ये तेच म्हणत होते आणि प्रत्येक पत्रात ‘रुग्णाची तब्येत चांगली’ असं उतरत होतं. ती पत्रं माझ्याविरुद्ध वाचली गेली. पुढच्या वेळी डायरी घेऊन जा. जीपीपेक्षा, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरपेक्षा, संधिवाताच्या विभागातल्या नर्सला तुमची दुखणी उसळलेली जास्त माहीत असतात. त्यांच्याकडे नुसतं ‘पत्र द्या’ म्हणू नका. आजार किती वेळा उसळतो, किती दिवस टिकतो, सकाळचा ताठरपणा किती वेळ असतो, पकड कशी आहे, एवढं लिहाल का, असं विचारा. हाताच्या फिजिओचा किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टचा रिपोर्ट, ऑफिसमधला ऑक्युपेशनल हेल्थचा कागद, हेही मोलाचे. नवऱ्याने, शेजारणीने आपण डोळ्यांनी काय बघतो ते सही करून लिहिलं तर तोही पुरावाच.

मागच्या तीन महिन्यांची डायरी नसेल तर आता बसून रचू नका. त्याऐवजी आहे ते शोधा. स्टेरॉइडच्या चिठ्ठ्या, हेल्पलाइनला केलेले फोन, आजारपणाच्या रजा, ‘आज मुलीला शाळेतून घेशील का’ असे मैत्रिणीला टाकलेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. माझे असे मेसेज तारखांसकट ट्रिब्युनलच्या कागदांत होते.

असेसमेंटमध्ये, म्हणजे पिपसाठीच्या तपासणीच्या मुलाखतीत, ‘स्वयंपाक करता का?’ विचारलं की ‘हो, करते’वर थांबू नका. मी थांबले. मी ऑटोमॅटिक गाडी चालवते, म्हणून माझी पकड चांगली, असं तपासणाऱ्या बाईंनी अहवालात लिहिलं. प्रत्येक उत्तर दिवसांत द्या: ‘आठवड्यातले पाच दिवस नाही, दोन दिवस हो.’ इंग्रजीत अडखळत असाल तर दुभाषी मागता येतो, आधी कळवलं तर रेकॉर्डिंगही.

नकार आलाच तर महिन्याच्या आत फेरविचार मागा, अहवालाची प्रत मागवा. फेरविचारातही नकार आला तर पुन्हा एका महिन्यात अपील. ट्रिब्युनल निर्णयाच्या तारखेला तुमची स्थिती काय होती तेच बघतं, म्हणून अर्ज पाठवल्यावरही डायरी थांबवू नका.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: ज्यांच्या व्हिसावर सरकारी मदत घेण्यास मनाई आहे, त्यांनी पिपचा अर्ज करू नये. व्हिसाची अट मोडू शकते.

फॉर्मसोबतच्या पत्रावरची तारीख आजच बघा. परत पाठवायला साधारण एक महिना असतो. दिवस कमी पडत असतील तर फोन करून मुदत वाढवून मागा. नर्सच्या पत्रासाठी फॉर्म अडवून ठेवू नका, कागद नंतर पाठवता येतात. मूळ प्रती घरीच ठेवा आणि पाठवाल त्या प्रत्येक पानावर नाव आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर घाला. लिहिताना हात दुखला तर कुणाला तरी सांगून लिहून घ्या, आणि फॉर्म दुसऱ्याने लिहिला हेही फॉर्ममध्ये नोंदवा.