जुन्या जपानमध्ये मुलं इतकी दगावायची, मग आईवडील त्यांच्यात जीव गुंतवत नसत का?

गुंतवत, आणि चांगलाच. लग्नं घराण्याची सोय बघून व्हायची, मुलगा नसेल तर जावयालाच दत्तक घ्यायचे. पण म्हणून माया आटली नव्हती.

हायकूकार कोबायाशी इस्साचंच बघा. आई लहानपणीच गेलेली, सावत्र आईशी कधी पटलं नाही. पन्नाशी उलटल्यावर, १८१४ मध्ये, किकुशी लग्न झालं. दोघांना झालेलं एकही मूल जगलं नाही. लाडकी सातो तर १८१९ मध्ये देवीच्या आजारात गेली, जेमतेम वर्षाची. तेव्हा त्याने लिहिलं: हे जग दवासारखं, मान्य; तरी पण, तरी पण... बुद्धाची अनित्यता रक्तात मुरलेला माणूस हा! आणि तरी त्याला तो ‘तरी पण’ दोनदा म्हणावा लागला.