पेरू देशातल्या अवोकॅडोचं उत्पादन आणि भाव दरवर्षी इतके वरखाली का होतात?

मुळात तिथल्या मोठ्या बागा किनारपट्टीच्या वाळवंटात आहेत. ला लिबर्ताद, लांबायेके भागात पाऊस नगण्य. अँडीजमधून कालव्याने आणलेलं पाणी ठिबकने देतात. हवा सौम्य राहते ती समुद्रातल्या थंड प्रवाहामुळे. एल निनोच्या वर्षी समुद्राचं तेच पाणी तापलं की फळधारणा घटते, फळ बारीक राहतं.

बाजाराचं गणित वेगळंच. हे फळ झाडावर मऊ पडत नाही, तोडल्यावरच पिकतं. म्हणून भाव पडला की बागायतदार काही आठवडे तोडणी लांबवतो. फार ताणलं तर मात्र पुढचा बहर मार खातो! त्यात युरोपात दक्षिण आफ्रिका, केनियाचा मालही त्याच महिन्यांत उतरतो. माझ्या मते चांगल्या पिकाच्या वर्षी भाव पाडते ती ही गर्दीच.